एका पिनकोडाची वंशावळ

पत्त्याची शेवटची ओळ कुणी वाचत नाही. घराला आपण हौसेनं नाव दिलेलं असतं, कॉलनीला कुणा संताचं नाही तर पुढाऱ्याचं नाव असतं, आणि खुणेला देऊळ, चौक, दवाखाना अशी भरवशाची मंडळी हाताशी असतात. आमच्या गारखेड्यात तर पत्ता सांगणं हा एक लहानसा वाङ्मयप्रकार आहे. गजानन महाराज मंदिराचा चौक घ्यायचा, तिथून सूतगिरणी चौकाची दिशा धरायची, क्रीडा संकुल कोणत्या हाताला ठेवायचं यावर घरातल्या दोघांचा थोडा वाद होऊ द्यायचा, आणि शेवटी ‘तिथं आलात की फोन करा’ या भरतवाक्यावर पडदा टाकायचा. गारखेडा हे एकेकाळचं खेडं. वाढत्या शहरानं त्याला पोटात घेतलं आणि तेव्हापासून त्याच्या नावामागं ‘परिसर’ हा शब्द लागला. परिसराला वेस नसते. तो कुठं सुरू होतो ते सांगता येतं. कुठं संपतो हे मात्र रिक्षावाल्याच्या आणि प्लॉट विकणाऱ्याच्या मनावर असतं. या सगळ्या पाल्हाळाच्या खाली सहा अंक मुकाट उभे असतात. परिसरातल्या काही पाकिटांवर त्यांच्या शेवटी ५ येतो, काहींवर ९. तेवढा सैलपणा आमच्या हवेतच आहे. माझ्याकडं येणाऱ्या कागदांवर नऊ असतो, म्हणून मी नवाच्या बाजूचा. ४३१००९.

हे अंक आपण सुटेसुटे म्हणतो, म्हणून त्यांचा आब राहत नाही. चार-तीन-एक-शून्य-शून्य-नऊ. फोनवर दोन शून्यांपाशी तर आपण ‘डबल झिरो’ म्हणून घाईनं पुढं सरकतो. पण एकदा ते सलग म्हणून पाहावेत: चार लाख एकतीस हजार नऊ. लगेच माणूस खुर्चीत सावरून बसतो. इतके रुपये पासबुकात असते तर पासबुक भरून आणायला मी स्वतःहून बँकेत गेलो असतो. आणि ही तर रक्कम नव्हे, शुद्ध संख्या. तिला महागाई लागत नाही, तिच्यावर कर बसत नाही. माझ्या नावावर इतकी मोठी मिळकत कित्येक वर्षं पडून आहे आणि मी तिची साधी मोजदादही केली नाही, या विचारानं एका दुपारी मी कागद-पेन्सिल घेतली. निवृत्त माणसाच्या दुपारी फार लांब असतात; चार लाख त्यांत सहज मावतात.

ही संख्या आम्हाला दिली ती एका कवीच्या खात्यानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे मोठे टपाल अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची शेकडो गावं, डझनभर लिप्या आणि डॉक्टरांनाही लाजवील असं अक्षर, या तिघांच्या कात्रीतून टपालाला सोडवण्यासाठी त्यांनी सहा आकडी पिनकोडाची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड असा ऐसपैस टापू. पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे टपाल कचेरी. ४३१ म्हटलं की जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड अशी मराठवाड्याची मोठी भावकी एका छत्राखाली येते. लातूर-धाराशिवकडं मात्र तेच अंक जागा बदलून ४१३ होऊन बसले आहेत. ४३१ ही मूळ संख्या आहे, तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणी भागू शकत नाही. ४१३ ला मात्र सात आणि एकोणसाठ या दोघांनी आतून पोखरलेलं आहे. यावरून कुणी प्रादेशिक निष्कर्ष काढू नयेत. मी काढला होता, पण लातूरचे व्याही घरी आले होते म्हणून बोललो नाही.

माझे वडील पिनकोड लिहीत तेव्हा त्यांची मान किंचित तिरपी होत असे. आंतर्देशीय पत्रावर त्यासाठी सहा चौकोन छापलेले असत. वडिलांचं बाकी अक्षर घाईचं, एकमेकांच्या अंगावर रेलणारं. पण त्या चौकोनांत ते एकेक अंक असा ठेवत, की जणू प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली आहे आणि भाडंही वेळेवर येतं आहे. त्यांची पिढी पावकी, निमकी, औटकी म्हणत वाढलेली. साडेतिनाचा पाढा तोंडपाठ असलेला माणूस जगाला जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. त्याला अपूर्णांकाची भीती वाटत नाही, म्हणून महिनाअखेरीचीही वाटत नाही. आम्हाला त्यांनी तिसापर्यंत पाढे करायला लावले. एकोणतिसाच्या पाढ्याचा आयुष्यात काय उपयोग, असं मी तेव्हा विचारलं होतं. ‘होईल कधीतरी,’ एवढंच ते म्हणाले. तो उपयोग निवृत्तीनंतर होणार होता हे त्यांना ठाऊक असावं, असा मला आता दाट संशय आहे.

संख्येची चौकशी करायची तर आपल्याकडं तिची वाट देवळालीहून जाते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि मग नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तरकी केली. दारुड्याला जशी दारू सुटत नाही तसे आपल्याला आकडे सुटत नाहीत, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्याकडं मोठी पदवी नव्हती, विद्यापीठ नव्हतं. होती ती शाळेची घंटा आणि घंटेनंतरचा वेळ. पदरमोड करून ते गणिताच्या परिषदांना जात, छोट्या पुस्तिका स्वतः छापत. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला हा माणूस कळला. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. आकड्यांना याचं काही वाटलं नसावं. त्यांना घाई कधीच नसते.

तर कापरेकरांना मनोमन नमस्कार करून मी ४३१००९ ला भागायला बसलो. दोनानं जाईना, तिनानं जाईना, पाचाचा प्रश्नच नव्हता. सातानं पाच बाकी, अकरानं सात, तेरानंही सात. एकोणतिसाचा पाढा आला आणि गेला, अकरा उरले. ही संख्या देवगिरीच्या वळणाची निघाली. बाहेरून ताशीव कडा, कुठं बोट शिरायला फट नाही. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले, प्रत्येक मूळ संख्या पायथ्याशी येऊन बाकी टाकून परत जात होती. संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी कागदाकडं पाहून विचारलं, ‘कुणाला किती द्यायचेत?’ एवढ्या बेरजा-भागाकार माणूस कर्जाशिवाय करत नाही, हा त्यांचा अनुभव. आणि देवगिरीला जशी आत जायला एक अंधारी वाट आहे, तशी ती याही किल्ल्याला सापडली: २८३. दोनशे त्र्याऐंशी गुणिले एक हजार पाचशे तेवीस, बरोबर चार लाख एकतीस हजार नऊ. १५२३ ला फोडून पाहिलं. ती मूळ संख्याच. तपास संपला.

म्हणजे आमच्या पिनकोडाला भाजक चारच: १, २८३, १५२३ आणि तो स्वतः. आजकालचं चौकोनी कुटुंब. शहराच्या मुख्य टपाल कचेरीचा ४३१००१ पाहिला तर तिथं अजून एकत्र कुटुंबाचा वाडा नांदतो आहे: तीन हा चार वेळा, मग सतरा, मग तीनशे तेरा, आणि सगळ्यांचे मिळून वीस भाजक. ओसरीवर कायम कुणीतरी बसलेलं. जुनं शहर ते जुनंच. ज्या पाकिटांवर गारखेड्याचा शेवटचा अंक ५ असतो, त्यांच्या ४३१००५ मध्ये पाच आणि शहाऐंशी हजार दोनशे एक असा विजोड संसार आहे. दोघंही मूळ, दोघंही मानी. पत्रिका कुणी पाहिली होती कोण जाणे. पण टिकला आहे.

कापरेकरांनी संख्यांना सुरेख संस्कृत नावं दिली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. मुख्य कचेरीच्या ४३१००१ ची अंकबेरीज नऊ, आणि नवानं ती सुरळीत भागली जाते; म्हणजे हर्षद. आमच्या ४३१००९ ची बेरीज सतरा. मोठ्या आशेनं भाग लावला, आठ उरले. बरं, एवढ्यावरही माणूस समाधान मानतो; सगळ्यांनाच कुठं आनंद देता येतो! पण मग शेजारी डोकावण्याची अवदसा आठवली. ४३१००८ ची अंकबेरीज सोळा, आणि सोळानं तिला निःशेष भाग जातो. ४३१०१० ची बेरीज नऊ, तीही निःशेष. डावीकडं हर्षद, उजवीकडं हर्षद, आणि मधे आम्ही, हातात आठ घेऊन. दोन्ही शेजाऱ्यांकडं लग्नाचे मांडव पडलेले असताना मधल्या घरानं दाराशी रांगोळी काढावी की नाही, असा काहीसा पेच होता. मी त्या दिवशी कागद घडी करून ठेवून दिला. संख्येवर रागावण्यात अर्थ नसतो हे मला कळत होतं, तरी मी थोडा रागावलो.

आनंद देणं नाही, निदान स्वाभिमान तरी असेल, म्हणून मी दुसरी कसोटी घेतली. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. २३ मध्ये पाच मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जननी. पण काही संख्या अशा असतात की त्यांना कुणीच जन्म दिलेला सापडत नाही; वीस, एकतीस, बेचाळीस. त्या स्वयंभू. देवळालीच्या मास्तरांनी त्यांचा शोध लावला म्हणून त्यांना ‘देवळाली संख्या’ही म्हणतात. पुढं १९७४ मध्ये एका अमेरिकी गणित-मासिकात त्यांच्यावर पुन्हा प्रश्न मांडला गेला आणि मांडणाऱ्याच्या देशावरून त्या ‘कोलंबियन’ही झाल्या. देवळाली ते कोलंबिया हा प्रवास त्यांनी विनातिकीट केला. आमच्या शहराजवळ तर वेरूळला साक्षात ज्योतिर्लिंग; स्वयंभूपणाचा थोडा गुण इकडच्या मातीत उतरायला हरकत नव्हती. पण ४३१००९ काही स्वयंभू निघाली नाही. तिची आई सापडली: ४३०९७८. अंकबेरीज एकतीस, मिळवून पाहा.

इथं माझा राग गेला. आई सापडल्यावर कुणावर रागावता येत नाही. मग आजी शोधली: ४३०९४९, बेरीज एकोणतीस. पणजी ४३०९३०, बेरीज एकोणीस. आपल्याकडं कुळाचा इतिहास सांगणारे लोक तीन पिढ्यांवर आले की खाकरतात आणि चहा मागवतात. मी मात्र न खाकरता पुढं गेलो आणि थबकलो. कारण या पणजीला दोन जन्मदात्या होत्या. ४३०९०७ मध्ये तेवीस मिळवले तरी ४३०९३०, आणि ४३०८९८ मध्ये बत्तीस मिळवले तरी ४३०९३०. दोन वेगळ्या वाटांनी आलेलं रक्त इथं एक झालेलं. अशा संख्येला कापरेकरांनी ‘जंक्शन’ म्हटलं आहे. त्यांना रेल्वेचं प्रेम असावं. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचं नावही मुंबईजवळच्या एका स्टेशनाचं, आजच्या डोंबिवलीचं, कारण ती कल्पना त्यांना तिथं सुचली होती. आमच्याकडून देवळालीला रेल्वेनं जायचं तरी मनमाड जंक्शनाशिवाय गत्यंतर नाही. वडील मला लहानपणी मनमाडच्या फलाटावर घट्ट हात धरून उभे राहत. इथून गाड्या कुठंकुठं जातात हे ते सांगत आणि मी त्यातली कुठलीच गाडी पकडत नसे, तरी सगळीकडं जाऊन आल्यासारखं वाटे.

कापरेकरांचं नाव जगभर झालं ते मात्र ६१७४ मुळं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा. त्यांचं जन्मसाल १९०५ घेतलं: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. इथं पोचलं की पुढं जाता येत नाही. ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. जास्तीत जास्त सात पावलांत प्रत्येक संख्या इथं येते. गंमत अशी, की १९०५ ला सातच्या सात पावलं लागतात, आणि पिनकोडाच्या १९७२ लाही तितकीच. दोघंही लांबच्या वाटेचे प्रवासी.

सहा अंकांचा मामला निराळा आहे. तिथं विसाव्याच्या जागा दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४. शिवाय सात संख्यांची एक फेरी आहे, जिच्यात शिरलेला बाहेर पडत नाही. मी आमचे अंक लावले. ९४३१०० वजा ००१३४९ म्हणजे ९४१७५१. त्याचं पुन्हा केलं: ८६०८३२. आणि दोनच पावलांत आम्ही फेरीत सापडलो! ८६०८३२ नंतर ८६२६३२, मग ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, आणि परत ८६०८३२. विसावा नाही, शेवट नाही. ही फेरी मला पाठ झाली ती विभागीय क्रीडा संकुलात संध्याकाळी चालताना. तिथं आम्ही समवयस्क रोज त्याच मैदानाला त्याच दिशेनं वळसे घालतो, त्याच वळणावर गुडघ्यांची चौकशी करतो, आणि कुणी विचारलं कुठं निघालात, तर ‘फिरायला’ म्हणतो. ४३१००५ लावून पाहिला, तोही याच फेरीत आला. ४३१००१ सुद्धा आला. वीस भाजकांचा वाडा सोडून. पण त्याचं पहिलं पाऊल पडलं ते ४२९९६६ वर. मला सहज बुद्धी झाली म्हणून देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१ लावला. ४४२२१० वजा ०१२२४४. उत्तर आलं ४२९९६६. तेच! आमचं शहर आणि मास्तरांचं गाव पहिल्याच वजाबाकीत एकमेकांना भेटत होते आणि टपालखात्याला याचा पत्ता नव्हता.

याचा अर्थ काय, असं मला क्रीडा संकुलातल्या एका अण्णांनी विचारलं. काहीच नाही, असं खरं उत्तर आहे. वेलणकरांनी गावांना आकडे दिले तेव्हा आकड्यांचं गणित त्यांच्या मनात नव्हतं, आणि कापरेकरांनी आकड्यांना नावं दिली तेव्हा गावांचा हिशेब त्यांच्या मनात नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. कन्नडचा घाट उतरलं की ते गाव. त्या मठातल्या विद्यार्थ्यांनाही आपण गणिताच्या एवढ्या जुन्या वाटेवर बसलो आहोत असं वाटलं नसणार, गृहपाठच जास्त वाटला असेल. संख्या आपल्यासाठी काही करत नाहीत. मधे आमच्या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, रेल्वेच्या घोषणा बदलल्या. ४३१००९ जागचा हलला नाही, पण तो काही निष्ठेनं नव्हे. त्याला आमचं आधीचं नावही ठाऊक नव्हतं. हे एकतर्फी प्रेम आहे आणि वाढत्या वयात तेच बरं; त्यात कुणी रुसत नाही आणि कुणाला स्टेशनवर घ्यायला जावं लागत नाही.

मला वाटतं, देवळालीच्या मास्तरांचा शोध ६१७४ हा नव्हेच. कुणी वाऱ्यावर टाकलेली, कुठल्याही कचेरीनं चिकटवलेली संख्या पुरेसा वेळ समोर घेऊन बसलं की तिला आई निघते, पणजी निघते, एखादं जंक्शन निघतं, आणि दूरच्या गावी एक नातलगही निघतो, हा त्यांचा खरा शोध. ते संख्येचे गुण नसतील. बघणाऱ्याच्या दुपारींचे असतील. वडील त्या सहा चौकोनांत अंक लिहिताना मान तिरपी का करत, हे मला आता समजतं. त्यांना आजी-पणजी सापडली नव्हती, पण दाराशी आलेल्याला नीट बसवावं एवढं त्यांना कळत होतं.

आता कुरिअरवाला मुलगा फोनवर ‘काका, पिन सांगा’ म्हणतो तेव्हा मी हळूहळू सांगतो. त्याला घाई असते, म्हणून वंशावळ सांगत नाही. बाकी सतरानं भाग लावल्यावर जे आठ उरतात, ते मी अजून कुणाला दिलेले नाहीत. शेजारच्या दोन्ही संख्या हर्षद आहेत, त्यांच्याकडं काहीच उरत नाही. आमच्याकडं निदान आठ आहेत, आणि त्यांच्यावर माझ्या पुष्कळ दुपारी निघतील.